जुग्यो केन्क्यू

जुग्यो केन्क्यू ही जपानमधील प्राथमिक व निम्न माध्यमिक शाळांत रूढ असलेली, शिक्षकांनी परस्परांकडून शिकण्याची पद्धत होय. 'जुग्यो' म्हणजे पाठ किंवा अध्यापन आणि 'केन्क्यू' म्हणजे संशोधन. मराठीत तिला 'पाठ-अभ्यास' म्हणता येईल. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, त्यांपैकी एक जण तो आपल्या वर्गात घेतो, बाकीचे वर्गात उभे राहून निरीक्षण करतात आणि नंतर त्यावर सविस्तर चर्चा होते. ज्या पाठाचे असे निरीक्षण होते त्याला, तेच दोन शब्द उलटे लावून, 'केन्क्यू जुग्यो' म्हणतात.

पार्श्वभूमी

मेजी राजवटीत १८७२ साली जपानमध्ये आधुनिक शालेय शिक्षणाचा कायदा झाला. त्याच वर्षी तोक्योत शिक्षक प्रशिक्षणाची शाळा निघाली आणि तेथे मॅरियन स्कॉट या अमेरिकी शिक्षकाची नेमणूक झाली. त्यापूर्वीच्या 'तेराकोया' शाळांत प्रत्येक मूल आपापला धडा गिरवीत असे. संपूर्ण वर्गाला फळ्यासमोर बसवून एकत्र शिकवणे ही तेथील शिक्षकांना नवी गोष्ट होती. ती पुस्तकातून उमजण्यासारखी नव्हती, प्रत्यक्ष पाहूनच शिकावी लागे. दुसऱ्याचा पाठ पाहण्याची आणि त्यावर बोलण्याची सवय याच काळात लागली.

पाठाची घडण

शाळा प्रथम आपल्या विद्यार्थ्यांविषयी एखादे दूरचे उद्दिष्ट ठरवते, उदाहरणार्थ, मुलांनी स्वतः विचार करून तो दुसऱ्याला समजावून सांगावा. मग एक घटक निवडून त्याचे टाचण तयार होते. आपल्याकडील पाठ टाचणात शिक्षक काय करील हे प्रामुख्याने असते. जपानी टाचणात प्रत्येक टप्प्यावर मुले कोणती उत्तरे देतील, कोठे अडखळतील आणि त्या वेळी शिक्षकाने काय करावे, यालाही स्वतंत्र जागा असते. या अंदाजांसाठीच बैठकांचा बराचसा वेळ जातो.

त्याचे महत्त्व पहिलीच्या वजाबाकीत चांगले दिसते. प्रारंभी १३ − ९ हे उदाहरण दिले, तर बहुतेक मुले दहातून नऊ काढून उरलेला एक तिनात मिळवतात. १२ − ३ दिले, तर आधी दोन आणि मग एक काढणे त्यांना सोपे जाते. १२ − ७ मध्ये मात्र दोन्ही वाटा मोकळ्या राहतात आणि मुलांना एकमेकांच्या रीती ताडून पाहता येतात. एका आकड्याची निवड तासभर चर्चेला पुरते. बाहेरच्या माणसाला हा काथ्याकूट वाटेल; पण मुलांपुढे आज कोणता विचार यावा, हे त्या आकड्यावरच ठरते.

प्राथमिक शाळेतील तास ४५ मिनिटांचा असतो. गणिताच्या अशा पाठात शिक्षक कळीचा प्रश्न विचारतो (हात्सुमोन), मुले आपापल्या वहीत प्रयत्न करीत असताना बाकांमधून फिरून कोणी कोणती रीत वापरली हे टिपतो आणि त्यातील निवडक रीती फळ्यावर मांडायला लावतो. पुढच्या चर्चेला 'नेरिआगे' म्हणतात; कणीक मळून एकजीव करावी तसा वर्गाचा विचार मळला जातो, अशी त्या शब्दामागील कल्पना आहे. फळा सहसा मध्येच पुसत नाहीत. तास संपेल तेव्हा आरंभापासूनचा विचारप्रवास त्यावर एकत्र दिसावा, अशा बेताने लेखन केलेले असते. या फळालेखनालाही 'बान्शो' असे स्वतंत्र नाव आहे.

निरीक्षण व चर्चा

शाळेतील इतर वर्ग त्या दिवशी लवकर सोडून सर्व शिक्षक एका वर्गात जमतात. ते मुलांना मदत करीत नाहीत. एखाद्या मुलाने काय लिहिले, काय खोडले, शेजाऱ्याला काय विचारले, याच्या नोंदी करतात. चर्चेत पाठ घेणारा शिक्षक प्रथम बोलतो, मग इतर, आणि शेवटी बाहेरून आलेला एखादा अनुभवी जाणकार. टाचण सर्वांचे असल्याने फसलेला पाठही एकट्याच्या माथी येत नाही. शिक्षकाला गुण देणाऱ्या पाठ-तपासणीहून ही पद्धत वेगळी ठरते ती येथेच. अध्यापक विद्यालयांतील सराव पाठांशीही तिचे साम्य वरवरचे आहे. सराव पाठ नवशिक्याचा असतो, हा वीस वर्षे शिकवलेल्याचाही असतो.

नवनियुक्त शिक्षकांसाठी जपानने १९८९ पासून वर्षभराचे सक्तीचे प्रशिक्षण सुरू केले. शाळांतर्गत पाठ-अभ्यास मात्र मुख्यतः शिक्षकांच्या परंपरेवर चालत आला आहे.

प्रसार आणि मर्यादा

जेम्स स्टिगलर व जेम्स हीबर्ट यांच्या 'द टीचिंग गॅप' (१९९९) या ग्रंथामुळे ही पद्धत जपानबाहेर सर्वत्र चर्चेत आली. अमेरिकेत न्यू जर्सीतील पॅटरसन येथील एका सरकारी शाळेने ती लवकर स्वीकारली. इंडोनेशियात जपानच्या 'जायका' संस्थेच्या साहाय्याने तिचा प्रसार झाला. परदेशात गेल्यावर अनेकदा तिचा 'आदर्श पाठ' झाला: पाहुणे आले, टाळ्या पडल्या, आणि मुलांच्या विचारांवरील चर्चा राहून गेली.

खुद्द जपानमध्ये प्रश्न वेळेचा आहे. ओईसीडीच्या २०१८ च्या पाहणीत तेथील निम्न माध्यमिक शिक्षकांचा आठवडा ५६ तासांचा आढळला. सहभागी देशांची सरासरी सुमारे ३८ तास होती. सरकारी शाळांतील शिक्षकांना १९७१ च्या कायद्याने जादा कामाच्या भत्त्याऐवजी पगाराच्या ४ टक्के इतकी ठरावीक रक्कम दिली जाऊ लागली, त्यामुळे वाढत्या तासांना आर्थिक लगाम उरला नाही. पाठ-अभ्यासाच्या बैठका याच भरलेल्या दिवसात, शाळा सुटल्यावर होतात. शाळेनंतरचे क्रीडा व कला मंडळांचे काम निम्न माध्यमिक शिक्षकांचा मोठा वेळ घेते. शिवाय तेथे प्रत्येक विषयाचा शिक्षक निराळा असतो, त्यामुळे एकाच पाठावर सर्वांनी बसणे प्राथमिक शाळेइतके सोपे जात नाही.