सकाळच्या वर्गातला इतिहास

लोअर परळच्या डबक चाळीत सुभेदार रामजी सकपाळांचं बिऱ्हाड एका खोलीत होतं. चूल तिथंच, निजणंही तिथंच. सुभेदार रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला उठवून त्याच्या जागी आडवे व्हायचे आणि भीमराव चिमणीच्या उजेडात पुस्तक उघडायचा. 1907 साली तो मॅट्रिक झाला.

याच भीमरावानं, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि 20 जून 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. वर्ग सकाळी भरत. लेक्चरं आटोपून नोकरीवर वेळेत हजर होता यावं, हा हिशोब. दहा बाय सोळाच्या खोलीत वाढलेल्या, घरखर्चाला हातभार लावणाऱ्या मुलांना पदवी त्यामुळे आवाक्यात आली. मला या कॉलेजचं सगळ्यात मोठं काम हे वेळापत्रकच वाटतं.

त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. ड्यू बॉइस यांचं उत्तर 31 जुलैचं आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या अटलांटा विद्यापीठात ड्यू बॉइस यांनी अनेक वर्षं शिकवलं होतं. आपल्याच समाजाचे कारागीर, कुटुंबं, चर्च यांची माहिती तिथले आजी-माजी विद्यार्थी गोळा करत आणि तिचे अहवाल छापले जात.

मुंबईच्या विद्यार्थ्यांना असा अभ्यासाचा विषय गिरणगावात, दारातच आहे. धोट्यातली कांडी संपली की विणकर नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढून घेत. त्यातून विटाळाची सबब निघाली आणि अस्पृश्य कामगारांना साचा खात्यात, म्हणजे विणकामात, शिरकाव मिळेना. जास्त पगार नेमका त्याच खात्यात! 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. गिरण्यांच्या इतिहासात 1982 चा संप ठळक येतो, तो यायलाच हवा. पण धोट्याची ही गोष्टही तितक्याच ठळकपणे शिकवली पाहिजे.

ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींच्या जागी आता टॉवर येताहेत. गिरण्यांच्या रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत, राबलेले म्हातारे अजून भेटतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना गुण याच कामाचे द्यावेत: एका कामगाराची मुलाखत, त्याचं गाव, खातं, पगार, आणि त्याला कुठल्या खात्यात घेतलं नाही, का घेतलं नाही. पहिली प्रत त्याच्या घरी द्यावी, दुसरी कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवावी.