फेरफार बघितला का, बॉस?

लासलगाव म्हटलं की आपल्याला फक्त कांदा आठवतो. पण तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, सातबारा नुसता हातात घेऊन भागत नाही, त्यावरचा फेरफार बघावा लागतो! जमीन विकली, वारस लागले, बँकेचा बोजा चढला, की गाव नमुना ६ मध्ये नोंद होते, तिला नंबर पडतो. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात आणि मगच मंडळ अधिकारी ती मंजूर करतो. काय बदललं, कधी, कोणाच्या सहीनं, सगळं सापडतं.

आता त्याच निफाड तालुक्यातल्या ओझरला या. इथल्या एचएएलमध्ये आधी मिग आणि मग सुखोई विमानं तयार झाली. अशा कारखान्यात ड्रॉइंगचा ‘फेरफार’ म्हणजे कोपऱ्यातलं रिव्हिजन टेबल. ए, बी, सी अशी अक्षरं, तारीख, बदलाचं वर्णन, सही. बदललेल्या जागेभोवती ढगासारखी रेघ आणि शेजारी त्रिकोणात तेच अक्षर. सोप्पं आहे ना?

नाही! कारण टेबलात तेवढंच असतं, जेवढं लिहिणाऱ्याला लिहावंसं वाटलं. रविवारच्या पुरवणीत ‘सहा फरक ओळखा’ म्हणतात, तेव्हा निदान सहा आहेत हे तरी माहीत असतं. इथे आकडाच ठाऊक नसतो.

आणि एक छोटासा बदल काय करू शकतो? अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात एकाखाली एक असे दोन पूल लॉबीवर टांगलेले होते. मूळ कल्पनेत छतापासून निघालेले सलग रॉड दोन्ही पुलांना धरणार होते. पुढच्या ड्रॉइंगमध्ये रॉडचे दोन भाग झाले आणि खालचा पूल थेट वरच्या पुलाला लटकला. वरच्या सांध्यावरचा भार दुप्पट! ड्रॉइंगवर मंजुरीचा शिक्का होता, सांध्याचा हिशेब मात्र झालाच नव्हता. १७ जुलै १९८१ ला पूल कोसळले, ११४ माणसं गेली.

मग करायचं काय? पूर्वी काचेखाली दिवा लावून जुना ट्रेसिंग पेपर नव्यावर ठेवायचे. आता ऑटोकॅडच्या २०१९ च्या आवृत्तीपासून दोन ड्रॉइंगमधले फरक वेगवेगळ्या रंगांत दिसतात. पण रेघ हलली एवढंच सॉफ्टवेअर सांगतं. तिच्यामुळे कुठे वजन वाढलं, कोणता पाइप आडवा आला, हे डोकंच सांगतं.

म्हणून या चार सवयी लावून घ्या:

• आधी स्वतः तुलना करा, टेबल नंतर वाचा.
• आकडे, टिपा आणि मटेरियलची यादीही ताडून बघा. रेघ तीच राहून आकडा बदलतो.
• प्रत्येक फरकाला ‘का?’ विचारा.
• जुन्या प्रिंटवर ‘रद्द’ मारून ती कामाच्या जागेवरून उचला.

तुम्ही इंजिनिअर नाही? नवा फ्लॅट तर बुक केलाय ना! २०१६ च्या रेरा कायद्यानुसार किरकोळ बदल सोडले, तर तुमच्या फ्लॅटच्या मंजूर प्लॅनला बिल्डर तुमच्या संमतीशिवाय हात लावू शकत नाही. इमारतीत बदल करायचा, तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते. तेव्हा बुकिंगचा प्लॅन जपून ठेवा आणि संमतीच्या कागदावर सही करण्याआधी नव्या प्लॅनवर ठेवून बघा. हरकत घ्यायची ती भिंत उभी राहण्याआधीच!