दीर्घकाळ टिकणारी मळमळ : कारणाचा शोध

रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मळमळीची तक्रार रोजच ऐकावयास मिळते. बहुतेकांची मळमळ दोन-चार दिवसांत आपोआप थांबते व तिचे कारण शोधण्याची गरजही पडत नाही. परंतु चार आठवडे उलटले तरी जी थांबत नाही, त्या मळमळीचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागतो. अशा रुग्णाच्या हाती पुष्कळदा एक जाड फाईल असते. तीत दुर्बिणीच्या तपासणीचे एक-दोन अहवाल असतात आणि त्यांवर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा असतो. देणगीदारांच्या साह्याने उभ्या राहणाऱ्या यंत्रांचे मोल मोठे आहेच; परंतु या विकारात डॉक्टरांनी रुग्णापाशी बसून घालविलेला अर्धा तास त्याहून अधिक काही सांगून जातो, तो कसा, हे येथे मांडावयाचे आहे.

मळमळ म्हणजे पित्त, हे समीकरण आपल्या घरोघरी पक्के आहे. कोकम सरबत, मोरावळा, आलेपाक आणि मग औषधांच्या दुकानातून आणलेली ॲसिडिटीची गोळी, हा क्रमही ठरलेला. त्यात गैर काही नाही. मात्र ‘पित्त’ हा शब्द एकदा उच्चारला की पुढची चौकशी थांबते, ही खरी अडचण आहे. मळमळ पोटात जाणवत असली तरी तिचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी होते. तेथे अनेक वाटांनी निरोप पोहोचतात : जठर व आतड्यांतून मज्जातंतूंमार्गे, कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाकडून, भीती व किळस यांच्याशी निगडित अशा मेंदूच्या भागांकडून, आणि थेट रक्तातून. ही शेवटची वाट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. रक्तातील अपायकारक द्रव्यांपासून मेंदूचे रक्षण करणारी सूक्ष्म भिंत वांतीशी संबंधित एका लहानशा भागापाशी जवळजवळ नसते. त्यामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन रक्तात टाकाऊ द्रव्ये साठली, कॅल्शियम वाढले किंवा एखाद्या औषधाचे प्रमाण अधिक झाले, की जठर पूर्ण निरोगी असूनही मळमळ सुरू होते. दुर्बिणीतून जठर कितीही वेळा पाहिले तरी हे कारण तेथे दिसणार नाही.

म्हणून शोधाचा आरंभ प्रश्नांनी करावा लागतो. पहिला प्रश्न असा, की रुग्ण मळमळ कशाला म्हणतो? कोणी गरगरण्याला मळमळ म्हणतो, कोणी घशाशी येणाऱ्या आंबट पाण्याला, तर कोणी अन्नावरची वासना उडण्याला. या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. दुसरा प्रश्न वेळेचा. सकाळी उपाशीपोटी होणारी मळमळ गर्भारपणाची असू शकते, मूत्रपिंडाच्या विकाराची किंवा मद्यपानाची असू शकते. तिच्या जोडीला डोकेदुखी असेल व दृष्टी अंधूक होत असेल तर मेंदूतील वाढलेल्या दाबाची शंका घ्यावी लागते. जेवणानंतर काही तासांनी अर्धवट पचलेले अन्न उलटून पडत असेल तर जठराचा मार्ग अडला आहे किंवा त्याची हालचाल मंदावली आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात हे मंदावणे पाहावयास मिळते. मान वळविताच उमासे येत असतील तर कान तपासावा. कधी एखादा विचित्र वाटणारा प्रश्नही निर्णायक ठरतो. कढत पाण्याने वारंवार आंघोळ केल्यावर बरे वाटते का, या प्रश्नाला होकार आला तर गांजाच्या दीर्घ व्यसनाची चौकशी करावी लागते. हा संबंध 2004 साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी प्रथम नोंदविला.

तिसरा प्रश्न औषधांचा. मधुमेहावरील मेटफॉर्मिन, लोहाच्या गोळ्या, वेदनाशामके, अलीकडे मधुमेह व वजन घटविण्यासाठी दिले जाणारे सेमाग्लुटाइड, या सर्वांनी मळमळ होऊ शकते. हृदयविकारावर डिगॉक्सिन घेणाऱ्या वृद्धाची भूक मंदावून मळमळ सुरू झाली, तर ते औषध शरीरात साठत असल्याची ती पहिली सूचना असू शकते. क्षयरोगावरील औषधांनी आरंभी थोडी मळमळ होते. परंतु तिच्यासोबत डोळे पिवळे दिसू लागले तर यकृताला इजा होत आहे असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

येथे एका विकाराविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अगत्याचे वाटते. लंडन येथील गायज रुग्णालयाचे डॉ. थॉमस ॲडिसन यांनी 1855 साली त्याचे वर्णन केले. मूत्रपिंडांवर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी यात निकामी होतात. क्षयरोग हे आपल्या देशात त्याचे आजही एक कारण आहे. रुग्णाला मळमळ होते, वजन घटते, उभे राहताच अंधारी येते, खारट खावेसे वाटते. त्वचा काळवंडते, पण आपल्या सावळ्या वर्णात ते सहज ध्यानात येत नाही, आणि घरची माणसे उन्हाला दोष देतात. तळहाताच्या रेषा व हिरड्या पाहिल्या, जुने छायाचित्र शेजारी ठेवले, की फरक दिसतो. सकाळी आठच्या सुमारास घेतलेल्या रक्तातील कॉर्टिसॉल व सोडियम-पोटॅशियम यांच्या तपासणीतून निदानाची दिशा मिळते. उपचार गोळ्यांचा आहे, आयुष्यभराचा आहे, पण महागडा नाही. निदान चुकले तर साध्या तापातही रक्तदाब कोसळून मृत्यू ओढवू शकतो. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. त्या वर्षानुवर्षे घेऊन एकाएकी बंद केल्यासही जवळजवळ हीच अवस्था होते, मात्र तीत त्वचा काळवंडत नाही. रुग्ण पुड्यांविषयी आपण होऊन सांगत नाही, विचारावे लागते.

यानंतर तपासण्या. रक्तातील साखर, क्रिएटिनिन, क्षार, कॅल्शियम, यकृत व थायरॉइड यांच्या चाचण्या, तसेच संतानक्षम वयातील स्त्रियांची गर्भचाचणी, या प्रथम कराव्यात. दुर्बिणीची तपासणी अनावश्यक आहे असे मुळीच नव्हे. वजन घटणे, गिळताना अडणे, रक्ताची उलटी, काळी शौचास होणे यांपैकी काहीही असेल तर ती विनाविलंब करावी. जठर रिकामे होण्याचा वेग मोजण्यासाठी किरणोत्सारी द्रव्याची अल्प मात्रा मिसळलेले अन्न देऊन चार तास चित्रे घेतात. पाश्चात्य पद्धतीत त्यासाठी अंडे वापरतात. आपल्या देशात इडली वापरूनही ही चाचणी केली गेली आहे.

इतके करूनही काही रुग्णांत कारण सापडत नाही. त्यांना ‘तुम्हाला काहीच झालेले नाही’ असे सांगणे अन्यायाचे आहे. जठर व मेंदू यांच्यातील संदेशवहनाचा हा बिघाड 2016 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र विकार म्हणून नोंदलेला आहे व त्यावर उपचार करून पाहता येतात.

नातेवाईकांनी रुग्णाला आणताना घरातील सर्व औषधे, काढे, चूर्णे व पुड्या एका पिशवीत घालून आणाव्यात, आणि दोन आठवड्यांची मळमळीची वेळ, जेवणाची वेळ व वजन वहीत लिहून आणावे. तीव्र डोकेदुखी, छातीत दडपण, लघवीचे प्रमाण घटणे किंवा ग्लानी यांपैकी काही आढळल्यास मात्र वहीसाठी थांबू नये; तातडीच्या विभागात थेट यावे.