पॅड टोचतं म्हणणारी मुलगी

काही मुलींना रक्तापेक्षा पॅडचीच धास्ती असते. प्लॅस्टिकची चरचर, मांडीला घासणारी कड, चिकट ओल, वास. स्वमग्न मुलींमध्ये हे बरंच दिसतं. हे नखरे नव्हेत. त्यांना स्पर्श खरोखरच तीव्र जाणवतो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने वर्धा जिल्ह्यातल्या गावांत किशोरी पंचायती (किशोरवयीन मुलींचे गट) उभ्या केल्या. अशा गटात सरावाचीही गोष्ट निघावी: पाळी नसताना कोरडं पॅड घरीच थोडा वेळ लावून बघायचं. नाहीच सोसलं तर धुऊन उन्हात वाळवलेलं मऊ सुती कापड.  कापड पुरेल का, अशी धास्ती नको: एका पाळीत रक्त साधारण ३० ते ४० मिलिलिटरच जातं. सुरुवातीची वर्षं दोन पाळ्यांमधलं अंतर २१ ते ४५ दिवस असू शकतं. तेव्हा मुलीच्या दप्तरात तिच्या पसंतीचं पॅड किंवा कापड कायम असू द्या.