रविवारच्या अर्ध्या तासासाठी

पहाटे साडेपाच

आज गुरुवार. रविवारी लागणाऱ्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण आजच व्हायला हवं. उद्या दुपारपर्यंत फाइल आकाशवाणी केंद्राकडे पोचली नाही तर ड्युटी रूममधून फोन येतो, आणि तो यायलाच हवा. मी आकाशवाणीची कर्मचारी नाही. रायगडातल्या म्हसळ्यात राहते आणि कार्यक्रमागणिक करार करून आठवड्याला अर्धा तास भरून देते. त्यात इथली गाणी असतात आणि इथल्या माणसांचं बोलणं.

चहाचं आधण ठेवलं की ट्रान्झिस्टर लावायचा, ही घरातली जुनी रीत. रेडिओच्या बाबतीत म्हसळा भाग्यवान. वरच्या अंगाला मुंबई, खालच्या अंगाला रत्नागिरी, आणि सरळ रेषेत मोजलं तर मुंबई शंभरेक किलोमीटर, रत्नागिरी सव्वाशेच्या आसपास. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर. १९७७ साली रत्नागिरी केंद्र सुरू झालं तेव्हापासून ११४३ हा आकडाही इथल्या घरांना पाठ झाला. मध्यम लहरी जमिनीपेक्षा खाऱ्या पाण्यावरून लांब जातात, म्हणून राजपुरी खाडीच्या काठाला आवाज स्वच्छ येतो आणि डोंगराआडच्या वाडीत खरखरतो. आमच्याकडे लोक रेडिओ उंबऱ्यावर नाहीतर खिडकीत ठेवतात, त्याचं कारण हेच.

सकाळी सात

सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या. मी त्या बातम्यांसाठी ऐकते आणि वाचणाऱ्याच्या श्वासासाठीही ऐकते. कुठे थांबायचं, आकडा कसा सांगायचा, गावाचं नाव कसं उच्चारायचं हे मी कुठल्या वर्गात शिकले नाही. या दहा मिनिटांतच शिकले. म्हसळ्याचं नाव बातम्यांत क्वचित येतं. आलंच तर बहुतेक पावसासाठी नाहीतर वादळासाठी.

सव्वाआठ

पिशवी भरायची. रेकॉर्डर, हेडफोन, नव्या सेलच्या दोन जोड्या, माइकवर घालायची फोमची टोपी, करारपत्राचे कोरे कागद, बँकेच्या तपशिलासाठी वही. शिवाय एक जुनी गोधडी. हल्लीची घरं स्लॅबची, भिंती उघड्या, फरशी गुळगुळीत. अशा खोलीत आवाज घुमतो आणि गाण्याचे शब्द पुसट होतात. गोधडी समोरच्या भिंतीवर टांगली की निम्मं काम होतं. भाताच्या कणग्या असलेली खोली मिळाली तर मग काहीच करावं लागत नाही. तिच्यासारखा स्टुडिओ तालुक्यात दुसरा नाही.

रिक्षा खरसईच्या बाजूला निघाली. आज एका धवलारणीकडे जायचंय.

साडेनऊ ते बारा

आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. मांडवात बसून ती एकेका विधीची गाणी गाते, ते धवळे. हळदीचा वेगळा, मांडव घालतानाचा वेगळा, वर निघतानाचा वेगळा. काही घरांत तर भटजीच्या मंत्राइतकाच धवळ्याला मान. मराठीत लग्नाचे धवळे नवे नाहीत. महानुभाव पंथातल्या महदंबेनं तेराव्या शतकात रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. खरसईच्या बाजूच्या आजीला महदंबा ठाऊक नाही. पण लग्न लागताना बाईनं गायचं, ही चाल तिच्यापर्यंत तोंडातोंडी येऊन पोचली आहे. ते गाणं घ्यायला मी आले आहे.

आधी पंखा बंद. मग फ्रिज बंद, कारण फ्रिजची घरघर माणसाच्या कानाला जाणवत नाही, माइकला जाणवते. शेजारच्या घरी मिक्सर चालू होता, तिथल्या वहिनींना अर्धा तास थांबायची विनंती केली. कोंबडा मात्र कुणाचं ऐकत नाही. तो आवाजात राहिला तरी चालतो. कार्यक्रम गावातून येतोय हे त्यानं कळतं.

आजी पाटावर बसल्या. मी माइक त्यांच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला धरला. अगदी समोर धरला तर "प" आणि "फ" फुटतात. आजींनी माइककडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाय, मांडव नाय, नवरी नाय, मंग धवळा कुणाला गायाचा?"

हा प्रश्न रास्त आहे, आणि तो मला जवळपास प्रत्येक ठिकाणी विचारला जातो. विधीचं गाणं विधीशिवाय गायचं नसतं. जबरदस्ती करायची नाही, हा माझा नियम. मी म्हटलं, "आजी, तुमचा धवळा तुमच्या नातीच्या नातीला ऐकू यावा म्हणून गा. पण मन नसेल तर नका गाऊ, नुसतं बोलू." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग सुनेला म्हणाल्या, "दिवा तरी लाव." सुनेनं समई लावली, हळदीकुंकू आणलं, पाटापुढे तांदळाची मूठ ठेवली. आजींनी पदर डोक्यावरून घेतला आणि गायला सुरुवात केली.

पेटी नाही, ढोलकी नाही, सूर देणारं काही नाही. त्यांनी स्वतःचा सूर स्वतःच धरला आणि शेवटच्या कडव्यापर्यंत तो हलला नाही. ओळ संपताना शेवटचं अक्षर त्या किंचित वर उचलतात आणि तिथेच श्वास घेतात. त्या श्वासाशिवाय पुढची ओळ अर्धी वाटते. मी हेडफोन लावून खाली पाहत होते, कारण समोर पाहिलं की गाणारा माणूस आपल्याकडे बघतो आणि शब्द चुकतो. मधे रस्त्यावरून एसटी गेली. त्या थांबल्या नाहीत, मीही थांबवलं नाही.

तीन धवळे झाल्यावर बोलणं. कुणाकडून शिकलात, तेव्हा वय काय होतं, आता कुणी शिकतं का. आजी म्हणाल्या, आता मांडवात डीजे असतो, धवळा सुरू झाला की आवाज कमी करतात आणि लगेच वाढवतात. तक्रारीचा सूर नव्हता. त्या सांगत होत्या तसं मी घेतलं. नाव कसं सांगू विचारलं, तर त्यांनी सासरचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, माहेरचं गावही सांग, धवळे तिथलेच आहेत. करारपत्रात माहेरच्या गावासाठी रकाना नाही. निवेदनात मात्र ते येईल.

निघण्यापूर्वी सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवून रिकाम्या खोलीचा आवाज घेतला. घरच्यांना हे नेहमीच विचित्र वाटतं. पण जोडकामात दोन वाक्यांच्या मधे पूर्ण शांतता टाकली की ती कानाला खड्ड्यासारखी लागते. तिथे त्याच खोलीची शांतता हवी.

बाई असल्याचा या कामात उपयोग होतो. जात्यावरची, डोहाळ्यांची, नवरीच्या पाठवणीची गाणी पुरुषासमोर बायका मोकळेपणानं म्हणत नाहीत. म्हसळ्याच्या मोहल्ल्यात एका चाचींनी त्यांच्या कोकणी बोलीतली हळदीची गाणी दार लावून म्हटली होती. जंजिरा संस्थानाच्या काळापासून इथे आगरी, कोळी, कुणबी, मुसलमान, गवळी, कातकरी शेजारी शेजारी राहतात आणि प्रत्येकाचं गाणं वेगळं. श्रावण लागला की कुणब्यांच्या जाखडीच्या नाचाची तालीम वाडीवाडीत सुरू होते, शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना सवाल टाकतात. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी सवाल-जवाबाची हीच बारी परळच्या दामोदर नाट्यगृहात नेली होती. एवढं वैभव तालुक्यात असताना रेडिओवर ते वर्षातून एकदा, गणपतीत, तोंडी लावण्यापुरतं वाजावं हे मला मान्य नाही. आठवड्याचा ठरलेला वेळ म्हणूनच महत्त्वाचा. तो भरावाच लागतो, आणि भरायचा म्हणून कुणीतरी वाडीवर जातं.

दुपारी तीन

कार्यक्रमाचा दुसरा भाग बोलण्याचा. या आठवड्यात विषय सुपारी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर आणि इकडे म्हसळ्यापर्यंत नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी बाजारात नावाजलेली, आणि नवं रोप लावल्यावर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. वादळानंतर लावलेली झाडं आता कुठे धरू लागली आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनलाच आहे, तिथली रोपं अनेकांनी नेली. आज एक बागायतदार काका बोलणार होते.

त्यांनी चार पानं लिहून आणली होती, "सदर पिकाबाबत" अशी सुरुवात असलेली. बोलताना मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द जातात. त्यांच्या कागदावर दहा मिनिटांचा मजकूर होता आणि माझ्याकडे पाच मिनिटं. मी कागद बाजूला ठेवायला सांगितला आणि विचारलं, "काका, वादळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी बागेत गेलात तेव्हा पहिल्यांदा काय केलंत?" ते म्हणाले, "पहिल्यांदा वाट केली. विहिरीपर्यंत जायला वाट नव्हती." तिथून पुढे त्यांना काहीच सुचवावं लागलं नाही. खड्डा किती खोल, दोन रोपांत अंतर किती, पहिली दोन वर्षं सावलीला केळ कशी लावली, सगळं ओघानं आलं. लिहिलेलं भाषण वाचणारा माणूस श्रोत्यापासून दूर जातो. अनुभवातून बोलणारा शेजारी येऊन बसतो. रेडिओवरच्या भाषणांबद्दल माझं हे ठाम मत आहे.

त्या वादळात तालुक्यात कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाइलचे मनोरे पडले होते. आमच्या घरी बाहेरची खबर दोन सेलच्या ट्रान्झिस्टरवर आली. मध्यम लहरींची प्रक्षेपणकेंद्रं आता जुनाट झाली असं जे म्हणतात, त्यांनी तो जून महिना इथे काढायला हवा होता.

पाच ते नऊ

जोडकाम. अर्ध्या तासाच्या जागेत प्रत्यक्षात साडेअठ्ठावीस मिनिटं मिळतात. संकेतधून, सुरुवातीचं निवेदन आणि शेवटची नामावली काढली की हाताशी पंचवीस. पूर्वी हे काम स्पूलवर ब्लेडनं टेप कापून आणि चिकटपट्टी लावून करायचे. आता संगणकावर होतं, पण निर्णय तेच आहेत. आजींचे तीन धवळे आहेत आणि जागा सात मिनिटांची. तिन्हींचे तुकडे घ्यायचे की एक पूर्ण? मी एक पूर्ण घेते. विधीचं गाणं मधेच आवाज उतरवून संपवणं मला पटत नाही. आजींचा श्वासही कापत नाही. उरलेले दोन पुढच्या आठवड्यांत लागतील, आणि तिन्ही मूळ स्वरूपात संग्रहासाठी जातील.

आठवड्याला एक या हिशेबात केवढं काम होऊ शकतं, ते पुणे केंद्रानं दाखवून ठेवलं आहे. तिथल्या सीताकांत लाडांच्या पुढाकारानं १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या शुक्रवारी, गीतरामायण सुरू झालं. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल बांधायची, वादकांनी बसवायचं, आणि पुन्हा पुढच्या आठवड्यासाठी कोरा कागद. बावन्न गाण्यांची योजना होती. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून पुढची रामनवमी लांबली आणि गाणी छप्पन्न झाली. एकत्र बसून छप्पन्न गाणी लिहा असं सांगितलं असतं तर ती झाली असती असं मला वाटत नाही. दर आठवड्याच्या तारखेनं ती घडवली. ऐकणाऱ्यांनाही त्या तारखेची सवय लागली होती. मुंबई केंद्रावरच्या मालिकेतले टेकाडे भावोजी, मीनावहिनी आणि पंत ही तिघं घराघरांत नातेवाईक झाली तीही अशीच, ठरलेल्या वेळी न चुकता आल्यामुळे.

निवेदन शेवटी लिहिते. गाणं काय सांगतं ते गाण्याआधी सांगायचं नाही. गाणारी कोण, कुठली, आणि हे गाणं लग्नात कधी म्हणतात, एवढं सांगून बाजूला व्हायचं. माझा आवाज पूर्ण कार्यक्रमात चार मिनिटांहून जास्त नसतो.

रात्री दहा

फाइल ऐकून झाली, क्यू शीट भरली: कुठला तुकडा किती मिनिटं किती सेकंद, पहिले शब्द कोणते, शेवटचे कोणते. उद्या सकाळी रेंज बरी असेल तेव्हा पाठवीन.

मग श्रोत्यांचे निरोप. पोस्टकार्डं आता थोडी, फोनवरचे निरोप जास्त. न्यूजऑनएअर ॲपवर कार्यक्रम कुठेही ऐकू येतो, त्यामुळे म्हसळ्याहून कुवेत, दुबईला गेलेली माणसंही लिहितात. आंबेतच्या एकानं लिहिलंय की सावित्रीपलीकडच्या म्हाप्रळची माणसंही घ्या, नदीमुळे जिल्हा बदलतो, गाणं बदलत नाही. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पुढच्या महिन्यात जाणार आहे.

वाचणाऱ्यांना एकच विनंती. तुमच्या घरात, वाडीत, मोहल्ल्यात धवळे, जात्यावरच्या ओव्या, जाखडीची जुनी गाणी, हळदीची गाणी येणारं कुणी असेल तर जवळच्या आकाशवाणी केंद्राला कळवा. लग्न ठरलं असेल तर तारीख कळवा, आणि धवळा चालू असेपर्यंत डीजे बंद ठेवा. तोवर तुमच्या फोनवर का होईना, गाणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि माहेर बोलून घेऊन मग गाणं घ्या. पंखा बंद करायला विसरू नका.