‘सेंट’ दिसतंय, पण पोचलं का?

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीने स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं आणि सर्वसाधारण सभेची नोटीस पहिल्यांदाच त्या नव्याकोऱ्या पत्त्यावरून गेली. सभेला डोकी मोजली, तर कोरम नाही. अर्धा तास सभा तहकूब. ‘नोटीस मिळालीच नाही’ म्हणणाऱ्यांच्या स्पॅममध्ये ती निवांत पडली होती, माझ्या ‘सेंट’मध्ये मात्र दिमाखात झळकत होती. सेक्रेटरी म्हणून बोलणी मीच खाल्ली.

ईमेल पाठवण्याची रीत, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये लिहून काढली. तेव्हा नेटवर्कवरचे संगणक मोजकेच होते, त्यामुळे सगळा भरवशाचा मामला. पाठवणारा सर्व्हर आधी नमस्कार करतो, पत्र कुणाचं आणि कुणाला ते सांगतो, मजकूर देतो आणि शेवटी एका ओळीवर नुसतं टिंब ठेवतो. त्यावर समोरून २५० हा आकडा आला की पत्र ताब्यात घेतलं. ५५० आला तर साफ नकार. चाराने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘जरा वेळाने या’. मग आपला सर्व्हर चार-पाच दिवस खेटे घालत राहतो. पण ताब्यात घेतलेलं पत्र इनबॉक्समध्ये पडणार की स्पॅममध्ये, हे २५० सांगत नाही.

‘कुणाचं’ याची शहानिशा मूळ रीतीत नव्हतीच. पाकिटाच्या मागे कुणीही कुणाचंही नाव लिहावं! ही फट बुजवायला डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीत, तीन नोंदी करतात. आमच्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात, ते एसपीएफ सांगतं. डीकेआयएम ही पत्रावरची डिजिटल सही. वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. आणि वाचणाऱ्याला दिसणाऱ्या नावाशी यांतलं काहीच जुळलं नाही तर पत्राचं काय करायचं, ते डीमार्क. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना गूगलने तिन्ही सक्तीची केली. लहानांना पहिल्या दोहोंपैकी एक तरी हवीच.

आमच्याकडे एसपीएफमध्ये जुन्या होस्टिंगचं नाव, पत्रं नव्या कंपनीच्या सर्व्हरवरून आणि सहीचा पत्ताच नाही. दोन ओळींचं काम होतं, पण कोणी सांगितलं नव्हतं.

पत्र येण्याची बाजू वेगळी. ती एमएक्स या नोंदीवर चालते आणि तिचा एसपीएफशी काही संबंध नाही. म्हणूनच आम्हाला पत्रं झकास येत होती आणि सगळं आलबेल वाटत होतं. पण येणारी पत्रंही अडू शकतात. जीमेलच्या फुकट खात्याची १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंशी वाटून घेतलेली असते. नातवंडांच्या व्हिडिओंनी ती भरली की आलेलं पत्र दारातूनच परत जातं. डोमेनचं नूतनीकरण विसरणं त्याहून वाईट. ते नाव दुसऱ्याने घेतलं, तर तुमची पत्रं, पासवर्ड बदलायच्या दुव्यांसकट, त्याच्या घरी.

नवा पत्ता कार्डावर छापण्याआधी पाच मिनिटं द्या. त्यावरून एखाद्या जीमेल खात्यावर पत्र पाठवा, ते संगणकावर उघडा, तीन टिंबांच्या मेनूतलं ‘शो ओरिजिनल’ दाबा. तिन्ही नावांपुढे ‘पास’ दिसलं पाहिजे. मग तिथूनच उत्तर धाडा आणि ते आलं का बघा. हाच प्रयोग दुसऱ्या कंपनीच्या खात्यावरही करा, आणि जीमेलवर जमलं म्हणून तो टाळू नका.