सलाइनचा विसावा दिवस

कोकणी कुटुंबाचा एक पाय मुंबईत असतो; त्यामुळे दुखणेही दोन ठिकाणी वाटले जाते. निदान आणि सुरुवातीचे उपचार मुंबईत, उरलेली इंजेक्शने राजापूर-संगमेश्वरकडच्या गावी. हाडातील जंतुसंसर्ग किंवा हृदयाच्या झडपेचा जंतुदाह असेल, तर शिरेतून प्रतिजैविके बहुधा चार ते सहा आठवडे द्यावी लागतात. इतके दिवस मुंबईच्या रुग्णालयातील खाट किती जणांना परवडणार? रुग्ण घरी येतो, ते योग्यच. परंतु औषधांच्या यादीबरोबर रक्ततपासणीच्या तारखाही घरी येतातच, असे नाही.

पेनिसिलिनच्या गोत्रातील औषधे, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, व्हँकोमायसिन यांमुळे काही थोड्या रुग्णांच्या रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात. लिनेझोलिडने प्लेटलेट कमी होतात. मूत्रपिंडे दुबळी असल्यास हा धोका अधिक. औषध कोणाला बाधेल, हे आधी सांगता येत नाही. ते केव्हा बाधेल, याचा मात्र पुष्कळसा अंदाज बांधता येतो. पहिल्या आठवड्यात ही घट क्वचितच दिसते. दोन आठवडे उलटल्यावर, औषधाची एकूण मात्रा साचत जाते तसा धोका वाढतो.

विषमज्वरावर एके काळी सर्रास दिल्या जाणाऱ्या क्लोरॅम्फेनिकॉलची गोष्ट निराळी होती. त्याने हजारो रुग्णांत एखाद्याची अस्थिमज्जा कायमची सुकत असे, आणि तीही कधी औषध थांबल्यावर काही महिन्यांनी. तेथे मोजदाद फारशी कामी येत नसे. येथे ती येते, म्हणूनच अशा दीर्घ उपचारांत आठवड्यातून एकदा तरी पेशी मोजाव्यात, असा वैद्यकाचा संकेत आहे.

अहवाल वाचतानाही केवळ टक्केवारीवर विसंबणे बरे नव्हे. एकूण पांढऱ्या पेशी २,४०० आणि त्यांत न्यूट्रोफिल ३० टक्के, म्हणजे प्रत्यक्षात ७२० पेशी. दीड हजारांखाली त्या कमी समजतात. पाचशेंखाली साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो.

खरी फसगत तापाने होते. तिसऱ्या आठवड्यात उतरलेला ताप पुन्हा चढला, की जुनेच दुखणे उलटले असे वाटून औषधाची मात्रा वाढवण्याचा मोह होतो. वास्तविक तो ताप त्याच औषधाचा असू शकतो, किंवा पेशी घटल्यामुळे शिरलेल्या नव्या जंतूंचा. पेशी औषधानेच घटल्या असतील, तर डॉक्टर ते थांबवून दुसरे सुरू करतात. बहुतेक रुग्णांत पेशी आठवडाभरात पूर्ववत होऊ लागतात. मात्र हा निर्णय घेण्यासाठी गावच्या डॉक्टरांपुढे मुंबईतला पहिल्या दिवसाचा आकडा असावा लागतो, आणि तो पुष्कळदा मुंबईच्या खोलीतील फायलीतच राहिलेला असतो.